आबांची वही आणि माझी वॉटरप्रूफ सॅक

आमच्या पिंप्राळ्यात आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथ निघतो. अख्खा जळगाव लोटतो. पण माझे आबा (आजोबा) त्या दिवशी कधीच गावात नसायचे. ते मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपुरात! मुक्ताईनगर, म्हणजे जुन्या एदलाबादहून निघणारी ही पालखी पाचशे किलोमीटरहून जास्त चालते, महिनाभर, आणि शेवटचे दिवस तर ऐन पावसात. आबांचं सामान म्हणजे एक कापडी पिशवी, एक घोंगडी आणि अभंगांची हाताने लिहिलेली वही. ती वही खताच्या गोणीच्या आतल्या प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेली असायची.

आबा गेल्यावर मी दोन दिवस पालखीबरोबर चाललो. वही घेतली, नवी कोरी सॅक घेतली, आणि ते कळकट प्लास्टिक घरीच ठेवलं. सॅकवर 'वॉटरप्रूफ' लिहिलंय ना, शिवाय वरून रेनकव्हर! मोताळ्याहून बुलढाण्याकडे चढताना राजूर घाटात पावसाने गाठलं. संध्याकाळी सॅक उघडली तर तळाशी पाणी. वहीच्या खालच्या निम्म्या भागातली शाई पसरून निळं तळं झालेलं. खांदे तर असे भरून आले होते की हात वर होईना.

आता ऑफिसात एखादा बग आला की आम्ही मूळ कारण शोधतो. इथेही तेच केलं. आणि शोधता शोधता थेट इतिहासात जाऊन पडलो.

आधी खांद्यांचं बघू. ओझं पाठीवर घेणं फार जुनं आहे. आल्प्समध्ये १९९१ साली बर्फात सापडलेल्या सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या माणसाजवळ लाकडी चौकट होती, ती पाठीवरच्या ओझ्याची असावी असं मानतात. आपल्याकडे मात्र डोक्यावर चुंबळ आणि खांद्यावर कावड. यात मागासलेपण काही नाही बरं का! १९८६ साली 'नेचर'मध्ये केनियातल्या बायकांवरचा एक अभ्यास आला होता. स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढं ओझं डोक्यावर घेऊनही त्यांची जादा शक्ती जवळपास खर्च होत नव्हती. वजन मणक्याच्या सरळ रेषेत असलं की शरीराला पुढे वाकून तोल सांभाळावा लागत नाही.

सॅक मागे लोंबते, तिथेच गोची होते. या दुखण्यावरचा मोठा उपाय अमेरिकेत डिक केल्टीच्या हाती लागला. सिएरा नेवाडाच्या डोंगरांत फिरताना चौकटीचे दांडे पँटच्या मागच्या खिशांत खोचले, तर खांदे एकदम हलके! वजन कमरेच्या हाडांवर उतरलं होतं. १९५२ साली त्याने ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या सॅक विकायला सुरुवात केली, कापड शिवायची त्याची बायको. १९६७ साली ग्रेग लोव्हने चौकट सॅकच्या आत घातली. आज आपल्या पाठीवर असते ती तिचीच नातवंडं. म्हणजे कमरेचा पट्टा शोभेचा नसतो. मी तो अख्ख्या घाटात मोकळा सोडला होता. :(

आता पाणी. १८२३ साली चार्ल्स मॅकिन्टॉशने दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर दाबून पाणी न शिरणाऱ्या कापडाचं पेटंट घेतलं. पण ते शिवलं की सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी आत! आजच्या सॅकचं दुखणंही तेच. कापड पाणी अडवतं. शिवण आणि चेन अडवतीलच असं नाही. त्यात आतला पॉलियुरेथेनचा थर उष्ण-दमट हवेत काही वर्षांत चिकट होऊन सोलवटतो. रेनकव्हरचं म्हणाल तर ते पाठीची बाजू झाकतच नाही. मानेवरून ओघळलेलं पाणी पाठ आणि सॅक यांच्यामधून खाली जातं आणि कव्हरच्याच तळाशी साठतं. माझं तळं असं भरलं.

वारीतली जुनी माणसं काय करायची? घोंगडीची खोळ डोक्यावरून, नाहीतर पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसून केलेली खोळ. लोकर ओली झाली तरी ऊब देते. बाकी सामान भिजणारच हे गृहीत. जे भिजून चालणार नाही, तेवढंच वेगळं गुंडाळायचं. आबा म्हणायचे, "पिशवी भिजू दे रे पोऱ्या, वही भिजली नाही म्हणजे झालं."

तर मंडळी, सॅक घेणार असाल तर एवढं करा. लिटर नंतर बघा, आधी पाठीची लांबी मोजा: मानेच्या खालच्या उंचवट्याच्या हाडापासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंत. दुकानात सात-आठ किलो भरून पंधरा मिनिटं फिरा. आधी कमरेचा पट्टा हाडांवर आवळा, मग खांद्याचे पट्टे. खांद्यांनी फक्त सॅक पाठीशी धरून ठेवायची. जड सामान पाठीला चिकटून, मध्यावर. आणि पावसासाठी आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी, तिचं तोंड पिळून दुमडलेलं. कागद, मोबाईल, कोरडे कपडे पुन्हा आपापल्या पिशवीत. रेनकव्हर हवं तर लावा, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

वही पंख्याखाली चार दिवस वाळवली. वरचा अर्धा भाग वाचता येतो. काही अभंग आजीला पाठ होते, ते तिने सांगितले आणि मी समासात लिहून घेतले. बाकीचे छापील गाथेत सापडतीलही, पण आबांचं अक्षर गेलं ते गेलंच.

पुढच्या वर्षी पुन्हा जायचा विचार आहे. वही येणार. गोणीचं प्लास्टिकही येणार. :)