गवारीचं पीठ आणि टेक्सासच्या विहिरी

आजच्या भागात फ्रॅकिंगचा इतिहास, पण पाणी घट्ट करणाऱ्या पदार्थाच्या बाजूने.

आधी घट्टपणा कशाला लागतो ते बघू. जमिनीखालच्या खडकात प्रचंड दाबाने द्रव सोडून भेगा पाडतात. पंप बंद केला की भेगा मिटू लागतात, म्हणून त्यांत वाळू अडकवून ठेवायची. साध्या पाण्यात वाळू तळाला बसते, घट्ट द्रवात ती तरंगत आतपर्यंत जाते. आणि काम झाल्यावर तोच द्रव पुन्हा पातळ व्हायला हवा, नाहीतर तेलाची वाट तोच अडवणार.

१९४७ साली कॅन्ससच्या ह्युगोटन वायुक्षेत्रात स्टॅनोलिंड कंपनीने पहिला प्रयोग केला. पेट्रोल घट्ट करायला वापरलं नापाम! हो, दुसऱ्या महायुद्धात आगीच्या बॉम्बमध्ये भरायचे तेच. १९४९मध्ये हॅलिबर्टनने हे तंत्र व्यवसायात आणलं. पुढे पेट्रोलच्या जागी पाणी आलं आणि पाण्याला घट्ट करणारं काहीतरी हवं झालं.

ते मिळालं गवारीत. आपण भाजी करतो तीच गवार. तिच्या बियांमध्ये गॅलॅक्टोमॅनन नावाच्या लांबलचक साखळ्या असतात, थोडं पीठही पाणी दाट करतं. १९६२च्या एका अमेरिकन पेटंटमध्ये या साखळ्या बोरेटने एकमेकींना बांधायची युक्ती आहे. त्याने पाण्याची चक्क जेली होते. नंतर एन्झाइम किंवा ऑक्सिडायझर घालून ती तोडायची.

आता राजस्थान. जगातली बहुतांश गवार भारतात पिकते, त्यातही सर्वांत जास्त तिथल्या कोरडवाहू, रेताड जमिनीत. अमेरिकेत शेल वायूची लाट आली आणि भाव उसळले. २०१०च्या सुमारास क्विंटलला दोन-तीन हजार असलेलं बी मार्च २०१२मध्ये ३०,००० रुपयांच्या आसपास गेलं. सरकारी नियामकाने गवारीचे वायदे बंद केले, ते थेट मे २०१३मध्ये सुरू झाले.

पण गिऱ्हाइकाकडे दुसरा रस्ता आधीपासून होता. मिचेल एनर्जीने १९९८च्या सुमारास टेक्सासमध्ये 'स्लिकवॉटर' यशस्वी केलं होतं: जेली नाहीच, भरपूर पाणी, जोराचा पंप आणि घर्षण कमी करायला थोडं पॉलिअ‍ॅक्रिलअमाइड. गवार महागल्यावर कंपन्या तिकडे जास्त वळल्या. इकडे शेतकऱ्यांनी पेरा वाढवला होता. भाव कोसळले.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना 'एकाच व्हेंडरवर अवलंबून राहू नका' हे शिकवतात. टेक्सासच्या कंपन्यांनी तेच केलं, त्यात गैर काही नाही. पण इथे दुसऱ्या टोकाला व्हेंडर म्हणजे पावसाच्या भरवशावर पेरणारा शेतकरी होता. आपल्या पिकाचा भाव कुठल्या खडकावर ठरतोय, हे त्याला पेरणीआधी कोण सांगणार होतं?