सेव्हनची चाके : हलक्या गाडीला टायर किती रुंद हवा?

१९५७ या एकाच वर्षी दोन मोटारी जन्मास आल्या. बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यातून हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बॅसेडर बाहेर पडली, आणि इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने ‘सेव्हन’ नावाची दोन आसनांची उघडी गाडी विक्रीस काढली. पहिली टनाहून जड, अख्खे कुटुंब पोटात घेणारी. दुसरी पाचशे किलोंच्या आसपास. दरवाजे नाहीत, टप असून नसल्यासारखा. तरीही दोघींच्या चाकांची रिम १५ इंचांचीच होती. वजनात दुपटीचा फरक आणि रिमचे माप मात्र एकच, असे का व्हावे? याचे उत्तर भौतिकशास्त्रात कमी आणि बाजारात अधिक सापडते.

सेव्हन ही किट कार होती. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर परचेस टॅक्स नावाचा भरभक्कम कर असे. सुटे भाग घेऊन स्वतः गाडी जोडणाऱ्यास तो लागत नसे. जोडणीची पुस्तिका सोबत देण्यास मनाई असल्यामुळे कंपनी गाडी सुटी करण्याची पुस्तिका देई आणि गिऱ्हाइकाने ती शेवटाकडून वाचावी, अशी कथा सांगतात. सांगाडा आणि पत्रा लोटसचा. इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल मात्र रस्त्यावरच्या सामान्य गाड्यांतून उचललेले. १९६० साली दुसरी आवृत्ती आली, तेव्हा मागचा अ‍ॅक्सल ‘स्टँडर्ड कंपॅनियन’ या साध्या कौटुंबिक गाडीचा घेतला गेला. त्या कुळातील गाड्या १३ इंची चाकांवर धावत. सेव्हनही १३ इंचांवर आली. अशा गाडीत चाकाचे माप वारशाने येते, गणित मागाहून होते.

या वारशाने गाडीचे भलेच झाले. रिम दोन इंचांनी लहान झाली की टायरसह चाकाची त्रिज्या सुमारे आठ टक्क्यांनी घटते. म्हणजे त्याच गिअरमध्ये चाकाचा रस्त्यावरील रेटा तेवढाच वाढतो आणि त्याच वेगाला इंजिन तेवढेच अधिक फिरते. लांब पल्ल्याच्या गाडीला हे परवडत नाही. पण उघड्या चाकांची, सपाट काचेची सेव्हन हवेलाच इतकी अडे की तिचा कमाल वेग गिअरच्या आधी वाराच ठरवी. तेव्हा गमावण्यासारखे फारसे काही नव्हते.

येथे एका समजुतीकडे लक्ष वेधावेसे वाटते, कारण अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांतही ती आढळते. लहान चाकाचे जडत्व कमी, म्हणून गाडी चपळ, असे म्हटले जाते. निष्कर्ष बरोबर आहे, कारण अपुरे आहे. बैलगाडीच्या चाकावर जशी लोखंडी धाव, तसा मोटारीच्या चाकावर टायर : बहुतेक वजन कडेला. कडेचे एक किलो वस्तुमान पुढे सरकते, तशी त्याची गतिज ऊर्जा ½mv². आणि ते गोल फिरते, तशी आणखी ½mr²ω². परंतु rω म्हणजेच v. त्रिज्या समीकरणातून निघून जाते आणि बेरीज mv² उरते. कडेचा किलो वेग घेताना दोन किलोंसारखा वागतो, मग चाक १३ इंचांचे असो वा १५ इंचांचे. लहान चाकाचा लाभ होतो तो त्यात रबर आणि धातू मुळातच कमी असल्यामुळे. मोठी पण हलकी मिश्रधातूची रिम काही वेळा लहान पोलादी रिमवर मात करते, ती याच हिशेबाने.

रुंदीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. आजच्या टायरवर ‘१८५/६० आर १३’ असे काही लिहिलेले असते. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते सांगतो. ‘आर’ म्हणजे रेडियल. आणि शेवटी रिमचा व्यास इंचांत. एका ओळीत दोन मापनपद्धती नांदतात, कारण ती ओळ म्हणजे इतिहासाचे थर आहेत. इंच जुन्या इंग्रजी-अमेरिकी रिमचे. मिलिमीटर युरोपातले, मिशेलिनने १९४६ साली ज्याचे पेटंट घेतले त्या रेडियल टायरच्या प्रसाराबरोबर रूढ झालेले. रिमही मिलिमीटरमध्ये आणण्याचा प्रयत्न याच कंपनीने १९७०च्या दशकात ‘टीआरएक्स’ टायरने केला, पण जग इंचांना चिकटून राहिले. भारतात रेडियल टायर आला तो १९७७ साली, जेके टायरकडून.

रुंद टायर म्हणजे रस्त्याशी अधिक स्पर्श, हे सर्वांना उघड वाटते. पण हिशेब करून पाहावा. चालकासह ६०० किलोंची गाडी धरली, तर प्रत्येक चाकावर सुमारे १५० किलो. टायरमध्ये १८ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १.२७ किलो दाब असेल, तर १५० किलो पेलण्यास जवळपास १२० चौरस सेंटिमीटर स्पर्शक्षेत्र लागेल. दाब ३२ पीएसआय केला तर ६७. या भागाकारात रुंदी कोठेच नाही. टायरच्या भिंतीचा ताठपणा थोडा भार उचलतो, म्हणून आकडे स्थूल आहेत. पण मुद्दा ढळत नाही. रुंदीने क्षेत्राचा आकार बदलतो : अरुंद टायरचा ठसा लांबट, रुंद टायरचा आखूड आणि आडवा. आडव्या ठशाने वळणावर गाडी लवकर प्रतिसाद देते, आणि रुंद टायर उष्णता अधिक सोसतो. जड गाडीला ही देणगी आहे. हलक्या गाडीची अडचण नेमकी उलटी : तिच्या वजनाने टायर पुरेसा तापतच नाही, आणि गार रबर पकड देत नाही. तिला हवे मऊ रबर, रुंदी नव्हे.

आणि मग पाऊस. १९६३ साली नासाच्या लँगली केंद्रातील वॉल्टर हॉर्न यांनी विमानांच्या टायरवरील प्रयोगांतून एक सोपे सूत्र मांडले : साचलेल्या पाण्यावर टायर ज्या वेगाला तरंगू लागतो, तो वेग नॉटमध्ये, पीएसआयमधील दाबाच्या वर्गमुळाच्या नऊपट. ३२ पीएसआयला हा वेग ताशी ९४ किलोमीटर येतो. १८ पीएसआयला केवळ ७१. मोटारीच्या टायरवरील खाचा पाणी बाहेर काढतात, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लागू करू नयेत. तरी धोक्याची दिशा स्पष्ट आहे. १९८०च्या दशकात हॉर्न आणि सहकाऱ्यांनी ठशाची लांबी-रुंदीही हिशेबात घेतली. लांबट ठसा पाणी अधिक वेगापर्यंत कापतो, असे दिसले. म्हणजे रुंद टायर लावून, तो गाडीला कडक वाटतो म्हणून हवा कमी करणारा हौशी माणूस दोन्ही बाजूंनी पाण्याच्या स्वाधीन होतो. स्टिअरिंग हातात असते, पण चाके ऐकत नाहीत.

हे वाचताना कोकणातला पाऊस आठवणे अपरिहार्य आहे, कारण सेव्हनच्या घाटाची एक गाडी अलिबागजवळ तयार झाली. ‘चिंकारा रोडस्टर’ तिचे नाव. अंग फायबरग्लासचे आणि इंजिन १.८ लिटरचे इसुझू, म्हणजे तेच जे पुढच्या काळातील अ‍ॅम्बॅसेडरमध्ये बसवले जाई. १९५७च्या दोन बहिणींची अशी भेट घडावी, हा योगायोगच.

हलक्या गाडीसाठी विचारपूर्वक माप निवडल्याचे भारतीय उदाहरण मात्र क्रीडागाडीत नाही, २००८ साली दिल्लीत सादर झालेल्या टाटा नॅनोत आहे. वजन सुमारे ६०० किलो, इंजिन मागे. पुढे १३५/७० आर १२ आणि मागे १५५/६५ आर १२, अशी दोन मापे तिला दिली गेली. भार मागे असल्याने वळणावर शेपूट बाहेर फेकली जाण्याची प्रवृत्ती असते. मागचा टायर रुंद ठेवून ती आवरली. स्वस्ताईसाठी चाकाला तीनच नट ठेवणाऱ्या अभियंत्यांनी दोन वेगळ्या मापांचा खर्च मात्र सोसला. नॅनोची थट्टा पुष्कळ झाली. या निर्णयाची दखल फारशी कोणी घेतली नाही.

इंग्लंडमध्ये १९७३ पासून सेव्हन बनवणाऱ्या केटरहॅमनेही २०१३ साली असेच धाडस केले. दरम्यानच्या दशकांत तिच्या गाड्यांचे टायर रुंदावत गेले होते. नवी ‘१६०’ मात्र सुझुकीचे ६६० घनसेंटिमीटरचे इंजिन, ४९० किलो वजन आणि १५५/६५ आर १४ असे छोट्या घरगुती गाडीला शोभणारे टायर घेऊन आली. पकड कमी, म्हणून बेताच्या वेगातही गाडी घसरण्याची आगाऊ सूचना देते. चालवणाऱ्याला मजा त्यातच वाटली.

आज हा वाद भारतात जिवंत आहे तो विद्यार्थ्यांत. कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत स्पर्धा भरते. मारुती ८००चे इंजिन घेऊन स्वस्त, हलक्या शर्यतगाड्या घडवणारे एस. करिवर्धन यांचे नाव त्या धावपट्टीला आहे. देशभरातील महाविद्यालये तेथे स्वतः बांधलेल्या एकासनी गाड्या आणतात. फॉर्म्युला स्टुडंट प्रकारच्या नियमांनुसार चाक किमान ८ इंचांचे हवे. प्रत्यक्षात निवड १० आणि १३ यांत होते. दहाची गाडी हलकी, पण त्या रिमच्या पोटात ब्रेकची डिस्क, कॅलिपर आणि सस्पेन्शनचे सांधे कोंबताना आरेखन करणाऱ्याच्या नाकी नऊ येतात. तेराची गाडी जड, पण आत हात घालायला जागा. पावसासाठी मात्र नियमच वेगळी वाट ठेवतो : ओल्या रस्त्याचे टायर कोणत्याही मापाचे चालतात, फक्त त्यांच्या खाचा किमान २.४ मिलिमीटर खोल हव्यात.