वाड्याचा आवाज

जुन्या वास्तूत कचेरी थाटली की पहिली तक्रार उजेडाची होते आणि दुसरी घुमणाऱ्या आवाजाची. उजेडासाठी दिवे लावता येतात. आवाजाचा दोष मात्र वास्तूच्या माथी मारून आपण मोकळे होतो. पुण्याचा विश्रामबागवाडा पाहिला की मला ही फिर्याद एकतर्फी वाटते.

दुसऱ्या बाजीरावाने १८०७ साली बांधून पुरा केलेला हा वाडा. पेशवाई बुडाली आणि वाडा नोकरीला लागला! १८२१ साली येथे संस्कृत पाठशाळा भरू लागली. १८७९ च्या आगीत मोठा भाग जळाला, तो पुन्हा उभारला गेला. १९३० पासून जवळजवळ तीस वर्षे पुण्याच्या नगरपालिकेचा, आणि १९५० नंतर महानगरपालिकेचा, कारभार येथूनच चालला. पेशव्याच्या विलासाच्या जागी करवसुलीच्या पावत्या फाटू लागल्या.

आता पेशवाईतले एखादे दफ्तर डोळ्यांपुढे आणा. खाली जाजम, त्यावर गादी, पाठीशी लोड, दारांना पडदे. बोरूने लिहिणारा कारकून, आणि कागद बांधलेले तेही कापडी रुमालांत. पुढच्या काळातल्या कचेरीत जाजम गेले, फरशी उघडी पडली. टेबलखुर्च्या आल्या, लोखंडी कपाटे आली, टंकयंत्रे खडखडू लागली. वाडे तेच राहिले; त्यांची वस्त्रे तेवढी आपण उतरवली.

कापडाचे हे मोल हिशेबात मांडले ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातल्या वॉलेस सेबाइन या तरुण अध्यापकाने. १८९५ साली तेथील फॉग म्यूझियमच्या नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कळेना. रिकाम्या दालनात आवाज साडेपाच सेकंद घुमत राही. सेबाइनने जवळच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री आणून मांडल्या. गाद्या वाढल्या तसा घुमारा उतरत एका सेकंदाच्या आसपास आला. दगड आणि चुना ध्वनी परत फेकतात. कापडाच्या छिद्रांत तो घर्षणाने जिरतो. माणसाचे अंगही कपड्यांसकट तेच काम करते. रिकामा वर्ग भरल्या वर्गापेक्षा अधिक का घुमतो, याचे उत्तर मला शिक्षकाला येथे मिळाले.

घुमणाऱ्या खोलीत जो तो दुसऱ्याहून मोठ्याने बोलतो. संध्याकाळी कारकुनाचा घसा बसतो, कानाने अधू असलेला म्हातारा "काय म्हणालात?" असे तिसऱ्यांदा विचारताना ओशाळतो. यावर उपाय म्हणून कोणी कोरीव सागवानी तक्तपोशीला खिळे ठोकून खोटे छत लावले, तर जीव तुटतो. जाजम उचलता येते, पडदा काढता येतो; नक्षीत पडलेले भोक जन्माचे. रस्त्याचा गोंगाट जाजमाने अडत नाही, त्याला घट्ट बसणारी खिडकीच हवी. पण खोलीतला गलका शमवायला कापड पुरते, आणि वास्तूलाही इजा होत नाही.

वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत बैठकीतले जाजम, पडदे, तक्के झटकायला अंगणात काढाल, तेव्हा त्या उघड्या खोलीत एकदा हाक मारून पाहा. मग सारे जागच्या जागी मांडून पुन्हा मारा. वाड्याची बाजू तुमचे कानच मांडतील.