चाळीस यार्डांवरचा कागद

बंदुकीच्या इतिहासाकडे आपण पाहतो ते बहुधा लढायांच्या अंगाने. पानिपतावर गारद्यांच्या तोफांनी काय केले, 1857 साली काडतुसांच्या चरबीवरून काय घडले, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण याच हत्याराचा दुसरा एक इतिहास आहे आणि तो रणांगणावर नव्हे, तर तळ्याकाठी, दलदलीत आणि गवताळ माळावर घडला. त्यातले एकच प्रकरण आम्ही येथे घेतले आहे. ते आहे नळीच्या तोंडाशी असलेल्या जेमतेम एका मिलिमीटरचे.

उडत्या पक्ष्यावर रायफल चालत नाही. तेथे छर्‍याची बंदूक लागते. तिच्या बारातून एक गोळी सुटत नाही, मुगाच्या दाण्याहून लहान असे दोन-तीनशे छर्रे सुटतात. बाराबोरची बंदूक आपण म्हणतो, तेव्हा त्या ‘बारा’चा अर्थ असा की, एका रत्तल शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यांतली एक त्या नळीत नेमकी बसेल. ही नळी आतून साडेअठरा मिलिमीटर रुंद असते. बाहेर पडताच छर्‍यांचा थवा पसरू लागतो, आणि सगळा खेळ त्या पसरण्याचा आहे. थवा फार पसरला तर पक्षी छर्‍यांमधल्या मोकळ्या जागेतून निसटतो किंवा एखादा छर्रा अंगात घेऊन उडत राहतो. थवा फार आवळलेला राहिला तर नेम हातभर चुकताच सारेच चुकते. आणि नेम लागलाच तर पक्ष्याच्या चिंध्या होतात. नळीच्या शेवटच्या चार बोटांत आतला व्यास किंचित कमी करून हा थवा आवळून धरण्याची जी युक्ती, तिला ‘चोक’ म्हणतात. नळीचा गळा आवळणे, एवढाच तिचा अर्थ. पुरता चोक म्हणजे सुमारे एक मिलिमीटर. पाव, अर्धा, पाऊण हे त्याचेच हिस्से. मुळीच चोक नसलेली नळी ती सरळ नळी.

ही युक्ती पहिल्याने काढली कोणी, यावर इंग्रज आणि अमेरिकन यांच्यात शंभर वर्षे वाद चालला. न्यूकॅसलचा बंदूककार विल्यम रॉचेस्टर पेप याने 1866 साली इंग्लंडात पेटंट घेतले, त्यात ही गोष्ट नोंदलेली आहे. अमेरिकेत सिल्व्हेस्टर रोपर याने 1868 साली नळीच्या तोंडावर आट्यांनी बसवायच्या चोकचे पेटंट मिळवले. (हा रोपर मोठा विलक्षण गृहस्थ. त्याने वाफेवर चालणारी दुचाकीही केली आणि 1896 साली तीच चालवीत असता त्याला मृत्यू आला.) त्याच सुमारास इलिनॉय नदीकाठच्या पिओरिया गावी फ्रेड किंबल नावाचा बदकांचा शिकारी स्वतःच नळ्या कोरून पाहत होता. त्याने पुढे सांगितलेली हकीकत अशी : आवळलेली नळी छर्रे वाकडेतिकडे फेकते असे पाहून तो आवळा कोरून काढून टाकायला बसला. काम संपले असे समजून त्याने बार काढला, तो छर्रे एका ठिकाणी गोळा झालेले! पाहतो तो आवळ्याचा थोडा भाग आत तसाच राहून गेला होता. हकीकत गोड आहे, आणि म्हणूनच ती शब्दशः घेण्याचा आमचा आग्रह नाही. खुद्द बर्मिंगहॅमचा बंदूककार ग्रीनर याने आपल्या ग्रंथात र्‍होड आयलंडच्या जेरेमाया स्मिथ या कारागिराला 1827 सालचे श्रेय देऊन ठेवले आहे.

आमच्या मते हा वाद फारसा महत्त्वाचा नाही. हातोडी आणि कानस घेऊन नळ्यांशी झटणार्‍या पाचपन्नास कारागिरांना हे केव्हा ना केव्हा दिसणारच होते. पेपने पेटंट घेतले, पण त्याचा म्हणावा तसा पाठपुरावा केला नाही. मग 1874 नंतरच सगळे जग एकाएकी चोकच्या मागे का लागले? याचे उत्तर नळीत नाही. ते कागदात आहे.

‘फील्ड’ नावाचे शिकारी मंडळींचे एक साप्ताहिक लंडनला निघत असे. त्याचे संपादक जॉन हेन्री वॉल्श हे पेशाने डॉक्टर. ‘स्टोनहेंज’ या नावाने लिहीत. तरुणपणी बंदूक फुटून त्यांच्या डाव्या हाताचा काही भाग गेलेला. बंदुकीवर प्रेम करायला आणि तिच्यावर विश्वास न ठेवायला याहून चांगले कारण कोणते? विंबल्डनचा जो क्लब आज टेनिससाठी जगभर माहीत आहे, त्याची स्थापनाही 1868 साली याच ‘फील्ड’च्या कचेरीत झाली, हे जाता जाता सांगतो. या साप्ताहिकाने बंदुकांच्या जाहीर चाचण्या घेतल्या. रीत अशी : चाळीस यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर, मोठा कागद ताणून लावायचा, त्यावर बार काढायचा आणि तीस इंची वर्तुळात किती छर्रे पडले ते मोजायचे. आजवर प्रत्येक बंदूककार ‘माझी बंदूक लांब मारते’ असे म्हणत आला होता आणि ते ताडून पाहण्याचे साधन गिर्‍हाइकाजवळ नव्हते. आता भोके मोजता येऊ लागली.

विल्यम वेलिंग्टन ग्रीनर याला या कागदाची किंमत सर्वांआधी कळली. चोकची कल्पना 1874 च्या आरंभी एका गिर्‍हाइकाच्या सूचनेवरून आपल्याला सुचली, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. वर्षअखेरीस त्याच्या जाहिराती झळकू लागल्या. सवा औंसाहून थोडे कमी, म्हणजे तीनशेच्या आसपास छर्रे असलेल्या बारात आजवरची चांगली सरळ नळी सव्वाशे-दीडशे छर्रे वर्तुळात टाकी. ग्रीनर दोनशे दहाची हमी देऊ लागला. थाप असावी असेच लोकांना वाटले. वॉल्श यांनी स्वतः समोर उभे राहून बार काढवले, भोके मोजली आणि आकडे खरे असल्याचे छापले. 1875 च्या लंडनच्या चाचणीत चोकने सरळ नळीला साफ मागे टाकले; ग्रीनरचे नाव झाले. सर्वांत आधीच्या लेखी पुराव्याबद्दलचे पारितोषिक मात्र पेपला मिळाले.

अशा रीतीने चोक जिंकला. पण तो कशावर जिंकला, हे नीट पाहिले पाहिजे. तो कागदावर जिंकला. कागद चाळीस यार्डांवर हलत नाही, वळत नाही, झुडपाआड जात नाही. गवतातून लावा उठतो तेव्हा तो पंधरा-वीस यार्डांवर असतो. पाणलावा वाकडातिकडा सटकतो तोही पंचवीसच्या आतच. वीस यार्डांवर सरळ नळीचा थवा सुमारे बत्तीस इंच पसरलेला असतो आणि पुर्‍या चोकचा अवघा सोळा इंच. म्हणजे ज्या अंतरावर सामान्य शिकार्‍याची बहुतेक शिकार होते, तेथे त्याने पैसे खर्चून आपली चूक सुधारण्याची जागा निम्म्याने कमी करून घेतली. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर ती पाव उरते. गिर्‍हाइकांनी चाळीस यार्डांची बंदूक विकत घेतली; पक्षी होते पंचवीस यार्डांवर.

जुन्या मुरलेल्या शिकार्‍यांना हे कळत होते, आणि त्यांनी काढलेली तोड आम्हांला ग्रीनरच्या जाहिरातींपेक्षा अधिक शहाणपणाची वाटते. दुनळी बंदुकीची उजवी नळी सैल ठेवायची आणि डावी आवळ. कुत्रा पुढे घालून चालत असता पक्षी पायाजवळून उठतो आणि दूर दूर जातो. तेव्हा पहिला बार उजव्या नळीचा, आणि तो चुकला तर लांबलेल्या पक्ष्यासाठी दुसरा डाव्या नळीचा. हाकार्‍यांनी पक्षी अंगावर उठवले असतील तर उलट. येणार्‍या पक्ष्यावर पहिला बार लांबचा, म्हणून आधी डावी नळी. बंदुकीला दोन चाप असत ते याचसाठी. कोणते बोट कोणत्या चापावर, एवढ्यात चोकची निवड होऊन जाई. मेजर जेरल्ड बरार्ड यांनी 1931-32 साली छर्‍याच्या बंदुकीवर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. हे गृहस्थ आपल्याकडच्या भूमापन खात्याचे प्रमुख सर सिडनी बरार्ड यांचे चिरंजीव. मोजण्याची आवड घराण्यातलीच म्हणायची. त्यांनी कोष्टके मांडून चोक आणि थव्याचा पसारा यांचा हिशेबच लोकांपुढे ठेवला.

पण प्रश्न केवळ नेमाचा नाही. पुर्‍या चोकने शिकार्‍याच्या मनात एक हाव निर्माण केली : आणखी दहा यार्ड. पुरता चोक चाळीस यार्डांवर शंभरांपैकी सत्तर छर्रे वर्तुळात टाकतो, सरळ नळी चाळीस. पण पन्नास-साठ यार्डांवर पुर्‍या चोकचाही थवा विरळ होतो, छर्‍याचा जोर ओसरतो, आणि मग एखाद-दुसरा छर्रा घेऊन पक्षी उडून जातो. तो त्या दिवशी मरत नाही. चार दिवसांनी लव्हाळ्यात मरतो. चाचणीच्या कागदावर वर्तुळाबाहेरची भोके कोणी मोजत नसे. तीच गत शिकारीच्या नोंदवह्यांची. भरतपूरच्या केवलादेव तळ्याकाठी शिलालेख उभे आहेत. त्यांवर तारखा, पाहुण्यांची नावे, बंदुकींची संख्या आणि पाडलेल्या पक्ष्यांचे आकडे कोरलेले आहेत. 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या मेजवानीत एका दिवसात 4273 पक्षी पाडल्याची नोंद आहे. जखमी होऊन निसटलेल्यांचा रकाना त्या दगडात नाही.

पक्षी कमी झाले ते चोकमुळे, असे कोणी म्हणेल तर ते आम्ही मान्य करणार नाही. अमेरिकेतल्या कोट्यवधी प्रवासी पारव्यांचा निःपात झाला तो मुख्यतः जाळी, जंगलतोड, आगगाडी आणि तारायंत्र यांच्यामुळे. त्यांतला शेवटचा पारवा 1 सप्टेंबर 1914 रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. योगायोग असा की, त्याच सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्कीने 1880 साली मातीची उडती तबकडी शोधून काढली होती. पिंजर्‍यातून खरी कबुतरे सोडून त्यांच्यावर बार काढण्याचा जो खेळ लंडनच्या हर्लिंगहॅम क्लबात 1905 पर्यंत चालला, त्याची जागा या मातीच्या कबुतराने घेतली. आणि गंमत पाहा, चोकला न्याय मिळाला तो येथे! तबकडी ठरल्या जागेवरून, ठरल्या वेगाने सुटते. तिचे अंतर आधी ठाऊक असते. दूर जाणार्‍या तबकडीला आवळ नळी, समोरून जवळून जाणारीला सैल. तबकडी फुटते किंवा फुटत नाही. जखमी होत नाही.

पाणपक्ष्यांच्या शिकारीत चोकचे महत्त्व पुढे आणखी एका बाजूने उतरले. दलदलीत पडलेले शिशाचे छर्रे बदके खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. म्हणून अमेरिकेने 1991 पासून पाणपक्ष्यांसाठी शिसे देशभर बंद केले. त्याऐवजी आलेला पोलादी छर्रा नळीत चेपत नाही, त्यामुळे त्याचा थवा मुळातच आवळलेला राहतो. जुन्या पुर्‍या चोकच्या नळीतून तो मारला तर नळीलाच धोका. ग्रीनरने ज्या मिलिमीटरसाठी एवढा आटापिटा केला, तो आता अर्ध्यावर आणावा लागतो.

त्याच 1991 साली आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि हौसेच्या शिकारीचे परवाने संपले. पाणलाव्याला कोणता चोक आणि बदकाला कोणता, हा प्रश्न भारतात इतिहासजमा झाला. बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांच्या गजनेर तळ्यावरच्या भाटतितरांच्या शिकारी एके काळी साम्राज्यभर प्रसिद्ध होत्या. त्यांचे नातू करणीसिंह यांनी 1962 साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवले, ते मातीच्या तबकड्या फोडून.