एचआयव्हीचे जीवशास्त्र आणि शाळेचा वर्ग : ट्रॉम्बे परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

सारांश

एचआयव्ही-एड्सविषयीचे शालेय शिक्षण हे महाराष्ट्रात प्रामुख्याने प्रतिबंधाच्या सूचनांच्या स्वरूपात दिले गेले. विषाणूचे जीवशास्त्र त्यात दुय्यम राहिले. या दुर्लक्षाचे सामाजिक परिणाम कोणते झाले, २००७ च्या वादात जीवशास्त्राचे स्थान काय होते आणि ट्रॉम्बे परिसरातील शैक्षणिक व संशोधन संस्थांच्या कार्यातून कोणता पर्याय सूचित होतो, यांचा ऐतिहासिक आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

बीजसंज्ञा : एचआयव्ही, एड्स, विज्ञानशिक्षण, ट्रॉम्बे, किशोरवयीन शिक्षण, आरोग्याचा इतिहास

१. प्रस्तावना

साथीच्या रोगाचा इतिहास हा केवळ जंतूंचा इतिहास नसतो. तो समाजाच्या आकलनाचा आणि भीतीचाही इतिहास असतो. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा सरकारने घरांची झडती, रुग्णांचे सक्तीचे विलगीकरण असे उपाय योजले. १८९७ चा साथरोग कायदा याच काळातील आहे. हाफकिन यांनी त्याच वर्षी मुंबईत प्लेगची लस तयार केली. परंतु रोग कसा पसरतो हे लोकांना समजावून सांगण्याची यंत्रणा सरकारजवळ नव्हती. परिणामी पुष्कळ लोक रोगापेक्षा सरकारी पथकालाच अधिक घाबरले. पुण्यातील रँडवधाची पार्श्वभूमी हीच होय.

जवळजवळ नव्वद वर्षांनी एचआयव्हीच्या रूपाने याच प्रश्नाने पुन्हा डोके वर काढले. रोगाचे कारण विज्ञानाला ठाऊक झाले होते. ते समाजापर्यंत पोहोचवायचे होते. हे काम शाळेने किती केले आणि कोठे सोडून दिले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. विषाणूचा शोध आणि भारतातील आरंभ

५ जून १९८१ रोजी अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील पाच तरुणांना झालेल्या दुर्मीळ न्यूमोनियाचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाझ बारे-सिनुसी आणि ल्यूक माँतान्ये यांच्या गटाने विषाणू वेगळा केला. या कार्याबद्दल दोघांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ‘एचआयव्ही’ हे नाव १९८६ मध्ये रूढ झाले. त्याच वर्षी चेन्नई येथे डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील पहिले संसर्ग उघडकीस आणले आणि मुंबईत एड्सच्या पहिल्या रुग्णाची नोंद झाली.

१९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी पुण्याजवळ भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. मुंबई जिल्हा एड्स नियंत्रण संस्था १९९८ ची. यंत्रणा अशा रीतीने उभी राहत असतानाच भीतीही कायद्याचे रूप घेत होती. गोव्याच्या १९८५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात एचआयव्हीबाधित व्यक्तीला सक्तीने वेगळे ठेवण्याची तरतूद करण्यात आली. १९८९ मध्ये रक्तदाता असलेल्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाला या तरतुदीखाली ६४ दिवस डांबून ठेवण्यात आले. लुसी डिसोझा विरुद्ध गोवा राज्य या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली. पुढे १९९७ मध्ये त्याच न्यायालयाने एमएक्स विरुद्ध झेडवाय या खटल्यात वेगळी दिशा घेतली. कामास सक्षम असलेल्या आणि इतरांना धोका नसलेल्या व्यक्तीला केवळ एचआयव्हीच्या कारणावरून नोकरी नाकारता येणार नाही, असा निर्णय त्या खटल्यात झाला. आठ वर्षांतील या दोन निर्णयांमधील अंतर हे मुख्यतः एका जीवशास्त्रीय प्रश्नाच्या उत्तराचे अंतर होय. तो प्रश्न असा : हा विषाणू सहवासाने पसरतो काय?

३. जीवशास्त्र काय सांगते?

या प्रश्नाचे उत्तर शालेय विद्यार्थ्याला समजेल अशा भाषेत देता येते. एचआयव्ही हा सुमारे १०० ते १२० नॅनोमीटर व्यासाचा विषाणू आहे. त्याचे जनुकीय द्रव्य आरएनए स्वरूपाचे असते. शरीरात शिरल्यावर तो कोणत्याही पेशीवर हल्ला करीत नाही. ज्या पेशींच्या पृष्ठभागावर सीडी-४ नावाचे प्रथिन असते त्याच पेशींना तो चिकटतो. त्यासाठी सीसीआर-५ सारख्या दुसऱ्या एका प्रथिनाचीही त्याला गरज लागते. त्वचेच्या बाहेरील थरावर त्याला असे प्रवेशद्वार मिळत नाही. शरीराबाहेर कोरड्या अवस्थेत त्याची संसर्गक्षमता झपाट्याने घटते. म्हणूनच हस्तांदोलन, एका बाकावर बसणे, एकाच ताटात जेवणे यांतून संसर्ग होत नाही.

पेशीत शिरल्यावर रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज या विकराच्या साहाय्याने विषाणू आपल्या आरएनएवरून डीएनए तयार करतो. आनुवंशिक माहितीचा प्रवाह डीएनएकडून आरएनएकडे असतो असे शिकलेल्या विद्यार्थ्याला हा उलटा प्रवास निश्चितच विचार करायला लावतो. या विकराचा शोध टेमिन आणि बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे १९७० मध्ये लावला होता. तयार झालेला डीएनए मानवी पेशीच्या डीएनएत समाविष्ट होतो. शरीरातून विषाणूचे समूळ उच्चाटन इतके कठीण का आहे, याचे कारण येथे सापडते.

ज्या सीडी-४ पेशी प्रतिकारयंत्रणेतील इतर पेशींना कार्यप्रवृत्त करतात, त्यांचीच संख्या या संसर्गात घटत जाते. निरोगी प्रौढाच्या रक्तात दर घनमिलिमीटरमागे सर्वसाधारणपणे ५०० ते १५०० सीडी-४ पेशी असतात. ही संख्या २०० च्या खाली गेली की एड्सची अवस्था मानली जाते. उपचार नसल्यास या टप्प्यापर्यंत पोहोचण्यास बहुधा आठ-दहा वर्षे लागतात. म्हणजेच एचआयव्हीचा संसर्ग आणि एड्स या दोन भिन्न गोष्टी आहेत. भारतात अशा रुग्णांना गाठणारा प्रमुख संधिसाधू रोग क्षय हा आहे.

मुंबईतील विद्यार्थी हमखास विचारील असा आणखी एक प्रश्न डासाचा आहे. हिवताप डासामुळे होतो, मग एचआयव्ही का नाही? हिवतापाचा परजीवी डासाच्या शरीरात वाढतो आणि त्याच्या लाळेतून माणसात येतो. रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे या संबंधाचा पुरावा मिळवला. एचआयव्ही डासाच्या शरीरात वाढत नाही. तो पचून नष्ट होतो. शिवाय डास चावताना आधी शोषलेले रक्त नव्हे, तर लाळ सोडतो. ‘डासाने होत नाही’ हे वाक्य पाठ करणारा विद्यार्थी आणि त्याचे कारण जाणणारा विद्यार्थी यांच्यात मोठा फरक आहे. पहिल्याची समजूत अफवेच्या एका झटक्याने ढळू शकते. दुसऱ्याची सहसा ढळत नाही.

४. ट्रॉम्बे परिसर : संस्था आणि वस्ती

या चर्चेत ट्रॉम्बे परिसराचा विचार करण्यास विशेष कारण आहे. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील या भागात १९५४ मध्ये अणुऊर्जा आस्थापना उभी राहिली. १९६७ पासून ती भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणून ओळखली जाते. १९७४ मध्ये येथे आयसोमेड हा प्रकल्प सुरू झाला. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करणारा हा भारतातील पहिला प्रकल्प होय. एकदाच वापरून टाकून द्यावयाच्या वैद्यकीय वस्तूंचे महत्त्व रक्तातून पसरणाऱ्या रोगांच्या काळात किती वाढले, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांचे संयोजन केले. १९९८-९९ च्या दुसऱ्या सर्वेक्षणात एड्सचे नाव ऐकलेल्या विवाहित स्त्रियांचे देशातील प्रमाण सुमारे ४० टक्के होते. २००५-०६ च्या तिसऱ्या सर्वेक्षणात ते ५७ टक्के झाले. याच तिसऱ्या सर्वेक्षणात एक लाखाहून अधिक व्यक्तींच्या रक्ताची तपासणी होऊन १५ ते ४९ वयोगटातील बाधितांचे प्रमाण ०.२८ टक्के आढळले. त्याचा आधार घेऊन २००७ मध्ये देशातील बाधितांचा अंदाज पन्नास लाखांवरून सुमारे पंचवीस लाखांवर आणण्यात आला. देवनारच्याच टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने ‘सक्षम’ प्रकल्पाद्वारे एचआयव्ही समुपदेशकांच्या प्रशिक्षणाचे कार्य केले.

विज्ञानशिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाची संस्था म्हणजे मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हे केंद्र १९७४ मध्ये प्रा. वि. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झाले. जळगाव जिल्ह्यातील खिरोदा येथील प्रकल्प आणि मुंबई महानगरपालिकेच्या शाळांतील वंचित विद्यार्थ्यांसाठी राबवलेले उपक्रम यांतून या केंद्राने एक गोष्ट पुढे आणली. विज्ञान कठीण वाटण्यामागे पाठ्यपुस्तकाची बोजड भाषा हे मोठे कारण असते; भाषा सोपी केल्यास आकलन वाढते. आरोग्याच्या विविध अंगांविषयी माध्यमिक विद्यार्थ्यांच्या कल्पना काय असतात, याचा केंद्रातील बख्तावर महाजन आणि सुगरा चुनावाला यांनी केलेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्याची पूर्वकल्पना जाणून मग शिकवावे, हे या कार्यामागील सूत्र एचआयव्हीच्या विषयाला तंतोतंत लागू पडते.

या संस्थांच्या भिंतींबाहेरची वस्ती मात्र वेगळी आहे. १९७६ मध्ये जनता कॉलनी हटवून तेथील रहिवाशांना ट्रॉम्बेच्या चीता कॅम्पमध्ये वसवण्यात आले. हा भाग ज्या एम-पूर्व विभागात मोडतो, तो मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात शहरात सर्वांत खाली होता. देशातील बाधितांचे मोजमाप करणारी संस्था आणि शिक्षण अर्ध्यावर सोडण्याची वेळ येणारी मुले एकाच परिसरात असणे, हा या इतिहासातील अंतर्विरोध आहे.

५. २००७ चा वाद आणि जीवशास्त्राचे स्थान

महाराष्ट्रात लैंगिक विषयावरील मौन नवे नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात ‘समाजस्वास्थ्य’ चालवले आणि त्यासाठी खटले सोसले. २००५ मध्ये केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालय व राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना यांनी शाळांसाठी किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम आणला. त्यातील चित्रे व उपक्रम यांवर आक्षेप घेण्यात आले. २००७ मध्ये विधिमंडळातील गदारोळानंतर महाराष्ट्राने हा कार्यक्रम थांबवला. अन्य काही राज्यांनीही तोच मार्ग स्वीकारला.

२००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीने आपला अहवाल दिला. शाळेत लैंगिक शिक्षण नको, तथापि एचआयव्ही-एड्सचा भाग जीवशास्त्राच्या अभ्यासक्रमात घ्यावा आणि तोही बारावीच्या टप्प्याआधी नको, अशी तिची शिफारस होती. ही शिफारस बारकाईने पाहिली पाहिजे. जीवशास्त्र हे या विषयाचे योग्य स्थान आहे, एवढे तिने मान्य केले. पण ते स्थान विज्ञान शाखेत जाणाऱ्या मोजक्या विद्यार्थ्यांपुरते मर्यादित केले. दहावीला किंवा त्याआधी शाळा सोडणाऱ्या मुलाला, कला वा वाणिज्य शाखेत जाणाऱ्या मुलीला ते ज्ञान कोठून मिळणार, याचे उत्तर या शिफारशीत नव्हते.

त्याच २००९ सालात लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्याच्या हासेगाव येथे या उणिवेचे मोल दिसून आले. तेथील ‘सेवालय’मधील एचआयव्हीबाधित मुले गावच्या शाळेत येऊ लागली, तेव्हा पालकांनी आपल्या मुलांना शाळेत पाठवणे बंद केले. आपल्या मुलाच्या शेजारी बसलेल्या मुलाकडून रोग येईल, ही त्या पालकांची भीती होती. त्यांना निष्ठुर म्हणून प्रश्न सुटत नाही. ज्या पिढीला शाळेने सीडी-४ पेशी, विषाणूचा प्रवेश आणि त्याची शरीराबाहेरील दुर्बलता यांविषयी काहीच सांगितले नाही, त्या पिढीच्या हाती भीतीशिवाय दुसरे साधन नव्हते.

६. उपचारांचे युग आणि शाळेची जबाबदारी

दरम्यान वैद्यकाने मोठा पल्ला गाठला. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलर एवढ्या दरात देऊ केला. तोवर त्याचा खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे होता. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत उपचार सुरू झाले, मुंबईचे जे. जे. रुग्णालय आरंभीच्या केंद्रांपैकी एक होते. उपचाराविना आईकडून बाळाकडे होणाऱ्या संसर्गाचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. योग्य औषधांनी ते ५ टक्क्यांखाली येते. नियमित उपचाराने ज्याच्या रक्तातील विषाणू चाचणीत न सापडण्याइतके कमी राहतात, त्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही, हेही सिद्ध झाले आहे. २०१७ चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला आणि शिक्षणातील भेदभाव बेकायदा ठरला.

२०१८ मध्ये आलेल्या महाराष्ट्राच्या इयत्ता आठवीच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातील ‘आरोग्य व रोग’ या पाठात एड्सचा समावेश आहे, ही स्वागतार्ह बाब आहे. तथापि, रोगाची व्याख्या आणि संसर्गाचे मार्ग यांची यादी देऊन काम संपत नाही. ‘असे का?’ या प्रश्नाला वर्गात जागा मिळणे आवश्यक आहे. ती देण्याची तयारी शिक्षकाच्या प्रशिक्षणातून येते आणि तो शिक्षक घडतो महाविद्यालयात.

७. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) एचआयव्हीविषयीचा भेदभाव हा केवळ नैतिक दुराग्रहातून नव्हे, तर जीवशास्त्रीय अज्ञानातूनही निर्माण झाला.

२) २००७ च्या वादात आक्षेप कार्यक्रमाच्या मांडणीवर होता; परंतु त्याचा फटका जीवशास्त्रीय ज्ञानालाही बसला.

३) हे ज्ञान उच्च माध्यमिक स्तरापर्यंत लांबवणे म्हणजे ज्यांना त्याची सर्वाधिक गरज आहे त्यांना ते नाकारणे होय.

४) सोपी मातृभाषा आणि विद्यार्थ्याच्या पूर्वकल्पनांपासून आरंभ ही ट्रॉम्बे परिसरातील विज्ञानशिक्षणाची परंपरा या विषयासाठी उपयुक्त पर्याय ठरते.

प्लेगच्या काळात लस होती, पण संवाद नव्हता. एचआयव्हीच्या बाबतीत औषध आहे, कायदा आहे आणि विषाणूची सविस्तर माहितीही आहे. ती चीता कॅम्पमधील आठवीच्या वर्गापर्यंत आणि हासेगावच्या पालकसभेपर्यंत पोहोचवणे हे काम प्रयोगशाळेचे नाही. ते शिक्षकाचे आहे.