चाळीतला आश्विन-कार्तिक

मुंबईच्या चाळींमध्ये सणांचा खरा हंगाम घटस्थापनेला सुरू होई आणि तुळशीची लग्ने लागली की संपे. सार्वजनिक गणेशोत्सव त्याआधी भाद्रपदात येई. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत तो १८९३ पासून चालू आहे आणि त्याचा गाजावाजाही मोठा. पण गणपतीला कोकणातल्या कामगारांचा ओढा गावाकडे असे, आणि रजा मिळालेल्यांच्या खोल्यांना त्या आठवड्यात कुलपे लागत. शिमग्यालाही तेच. घाटावरची मंडळी गावच्या जत्रेला जात. आश्विन-कार्तिकात मात्र पाऊस थांबलेला, गिरण्या चालू आणि बहुतेक बिऱ्हाडे जागेवर असत. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, सिंधुदुर्ग अशा निरनिराळ्या मुलखांतून आलेली माणसे शेजारी म्हणून एकमेकांना ओळखू लागली ती मुख्यतः या पाच-सहा आठवड्यांत. त्यांच्या या हंगामाला धर्मशास्त्रापेक्षा पगार, पाणी, भाडे आणि चाळीची बांधणी यांनीच जास्त आकार दिला.

मुंबईतली पहिली कापडगिरणी उभारण्याची सुरुवात कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला केली. पुढच्या अर्धशतकात भायखळा, परळ, लालबाग, शिवडी, वरळी हा भाग गिरणगाव झाला आणि मजुरांना ठेवण्यासाठी मालकांनी व सावकारांनी चाळी बांधल्या. लाकडी सांगाडा, तीन-चार मजले, पुढे लांब गॅलरी, गॅलरीत उघडणारी खोल्यांची रांग, टोकाला नळ आणि संडास. खोलीत एक मोरी आणि बेतास बात उंची असेल तर पोटमाळा. १९२१-२२ मध्ये सरकारच्या लेबर ऑफिसने केलेल्या पाहणीत ९७ टक्के कामगार कुटुंबे एकाच खोलीत राहताना आढळली. अनेक खोल्यांत तर कुटुंबही नसे. एका गावच्या पंचवीस-तीस पुरुषांनी मिळून खोली घ्यायची, पाळीप्रमाणे झोपायचे आणि खानावळवालीकडे जेवायचे, ही ‘गाववाल्यांची खोली’. इतक्या दाटीत सण खोलीच्या आत मावतच नसे. रांगोळी गॅलरीत उतरे, कंदील कठड्यावर चढे, पाट अंगणात मांडले जात.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचा रोगी आढळला. नवरात्र आणि दिवाळी त्याच्या पाठोपाठ आली. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोकांनी शहर सोडले आणि गजबजलेल्या वाड्या ओस पडल्या. या आघातातून १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. बीआयटी चाळी आणि दादर-माटुंग्याच्या नव्या वसाहती ही त्या ट्रस्टची कामगिरी. १९२० मध्ये आलेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे बीडीडी चाळी उभ्या केल्या. खोली सुमारे १६० चौरस फुटांची, बांधकाम काँक्रीटचे. बीडीडी चाळीत उघडी गॅलरी नाही. मधून बोळ जातो आणि दोन्ही बाजूंना खोल्या आहेत. त्यामुळे तिथला सण गॅलरीत न रमता इमारतींमधल्या मोकळ्या जागेत आला. वरळीचे जांबोरी मैदान त्यातूनच वस्तीचे अंगण बनले. गिरगावची चाळ आणि वरळीची चाळ यांच्या सणांत जो फरक जाणवतो, त्याचे मूळ बरेचसे या नकाशात आहे.

नवरात्रात घरोघरी घट बसत. घटातले धान्य पत्रावळीवरच्या मातीत पेरले जाई आणि दसऱ्याला ते तुरे टोपीत किंवा केसांत खोवले जात. संध्याकाळी अंगणात पाटावर हत्तीचे चित्र काढून मुली फेर धरत. पुण्याकडून आलेल्या बायका त्याला भोंडला म्हणत, सातारा-कोल्हापूरच्या हादगा म्हणत; विदर्भात याच दिवसांत भुलाबाई बसते. खेळ संपला की खिरापत ओळखायची. डब्यात काय आहे हे सांगता येऊ नये म्हणून आया पदार्थ लपवून करत, आणि दहा बाय बाराच्या खोल्यांमध्ये फोडणीचा वास लपवणे हे मोठेच कौशल्य होते. भुलेश्वर, गिरगावच्या गुजराती वाड्यांत त्याच वेळी गरबा चाले.

सार्वजनिक नवरात्राला एक निराळा इतिहास आहे आणि तो जातीच्या प्रश्नाशी जोडलेला आहे. १९२६ साली दादरच्या गणेशोत्सवात अस्पृश्यांनाही पूजेचा हक्क हवा, या मागणीवरून मोठा संघर्ष झाला. वर्गणी सर्वांकडून घ्यायची आणि मूर्तीजवळ काहींनाच येऊ द्यायचे, हा अन्याय होता. प्रबोधनकार ठाकरे, रावबहादूर सी. के. बोले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याविरुद्ध बाजू लढवली. त्याच वर्षी दादरला सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू झाला, तो सर्व जातींना खुला ठेवून. आज चौकाचौकांत दिसणाऱ्या देवीच्या मंडपांच्या पूर्वेतिहासात हे प्रकरण सांगितले जात नाही, पण सांगायला हवे. चाळींची वस्तीही जातीप्रमाणे विभागलेली होती. नळ, जिना आणि मंडप यांच्यावर कोणाचा हक्क, हे प्रश्न प्रत्येक सणाला उभे राहत.

दसऱ्याला गिरणीत साच्यांची पूजा होई. खात्याखात्यांत यंत्रे धुऊनपुसून झेंडूच्या माळा घातल्या जात, नारळ फुटे, पेढे वाटले जात. जे यंत्र वर्षभर बोटे घेई, कान बधिर करी, त्यालाच त्या दिवशी हळदकुंकू लागे. संध्याकाळी आपट्याची पाने घेऊन लोक मजल्यामजल्यावर फिरत. ज्यांच्याशी नळावर भांडण झाले त्यांच्याकडे सोने द्यायला जाणे हा अलिखित नियम होता, आणि बरीच भांडणे त्यामुळे मिटत.

१९५६ नंतर या दिवसाचा अर्थ अनेक चाळींसाठी बदलला. १४ ऑक्टोबर १९५६ ला, विजयादशमीच्या दिवशी, डॉ. आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. बाबासाहेब स्वतः परळच्या बीआयटी चाळीत अनेक वर्षे राहिलेले. नायगाव, वरळी, डिलाईल रोडच्या चाळींत त्यांचे हजारो अनुयायी. बावीस प्रतिज्ञांमध्ये हिंदू देवदेवतांची उपासना न करण्याची प्रतिज्ञा होती. त्यामुळे या घरांतून घट उठले आणि दसरा हा धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला. एकाच आवारात एका इमारतीत देवीची आरती आणि दुसरीत बुद्धवंदना, असे या वस्त्यांचे आश्विनातले चित्र तेव्हापासूनचे आहे.

दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी कोजागरी. चाळीची गच्ची एरवी पापड-कुरडया वाळवण्याची आणि उन्हाळ्यात झोपण्याची जागा. त्या रात्री ती सभागृह होई. वर्गणीतून दूध घ्यायचे, मोठ्या पातेल्यात आटवायचे, वेलदोडे, जायफळ, केशर परवडेल तेवढे. मग गाण्याच्या भेंड्या, नकला, एखादी बसवलेली नाटिका. कोकणातली मंडळी बाल्या नाच करत, घाटावरची भजनाला बसत. कामगारांतली ही हौस ओळखून सोशल सर्व्हिस लीगने (स्थापना १९११, ना. म. जोशी) परळला नाट्यगृह चालवले. दामोदर हॉल तो हाच. मराठी रंगभूमीवरच्या कितीतरी कामगार नटांनी पहिले पाऊल चाळीच्या गच्चीवर किंवा अंगणातल्या फळ्यांच्या रंगमंचावर टाकले.

दिवाळीची सुरुवात मात्र चाळीत फराळाने होत नसे, बोनसने होई. पहिल्या महायुद्धात गिरण्यांनी प्रचंड नफा कमावला आणि कामगारांना त्यातला वाटा म्हणून बोनस मिळू लागला. १९२३ चा बोनस मालकांनी नाकारला, तेव्हा जानेवारी १९२४ मध्ये सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने बोनस हा कामगारांचा कायदेशीर हक्क ठरत नाही असा निर्णय दिला आणि दोन महिन्यांनी संप फसला. संप जानेवारीत झाला, यावरून एवढे कळते की बोनसची दिवाळीशी गाठ तोवर पक्की बसलेली नव्हती. ती पुढच्या काळात बसली. १९५० च्या ऑगस्टमध्ये समाजवादी नेतृत्वाखाली पुन्हा बोनससाठीच मोठा संप झाला, दोन महिने चालला आणि ऐन सणांच्या दिवसांत हात रिकामे ठेवून संपला. १९६५ च्या बोनस कायद्याने किमान ४ टक्के आणि पुढे ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार, देणे बंधनकारक केले. हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत तो द्यायचा होता. वर्ष मार्चअखेर संपणाऱ्या कारखान्यांत ही मुदत नोव्हेंबरअखेरची, आणि दिवाळी तिच्या आत येते.

या रकमेवर चाळीचे अर्थकारण फिरे. आधी वाण्याची उधारी, मग पठाणाचे व्याज, मग गावी मनिऑर्डर, मुलांना कपडे, आणि उरलेच तर बायकोला लुगडे. बदली कामगाराला पुरता बोनस मिळत नसे. त्याच्या घरची दिवाळी शेजाऱ्यांच्या ताटांवर चाले. दिवाळीच्या खर्चासाठी वर्षभर भिशी लावणाऱ्या बायकाही होत्या.

फराळ एकट्याने करायचा नसे. आज एका खोलीत चकल्या, उद्या दुसरीत करंज्या, असा बायकांचा क्रम ठरे. सोऱ्या, पितळी डबे, मोठी कढई ही भांडी मजल्यावर फिरत. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आले आणि पुढे कित्येक वर्षे साखर, रवा, तेल, रॉकेल यांच्या रांगा हाच दिवाळीचा पहिला अंक ठरला. सणासाठी जादा साखर कधी सुटणार, ही बातमी वस्तीत वाऱ्यासारखी पसरे. अनारसे कोणाचे जाळीदार झाले आणि कोणाचे विरघळले, याची चर्चा तुळशीच्या लग्नापर्यंत पुरे. ज्यांचे कुटुंब गावी होते त्या गाववाल्यांना खानावळवाली गोडधोड घालत असे. तिच्या श्रमावर गिरण्या चालल्या, पण तिला नावगाव मिळायला बराच काळ लागला. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, तेव्हा या बायकांना प्रथम संघटना आणि बँकेचे कर्ज मिळाले.

नरकचतुर्दशीची पहाट खऱ्या अर्थाने नळावर उजाडे. तीन-साडेतीनलाच बादल्यांची रांग लागे, तांब्याचे बंब पेटत, उटण्याचा आणि सुगंधी तेलाचा वास जिन्यात भरे. मोरी एक आणि माणसे आठ, त्यामुळे सूर्योदयापूर्वी सगळ्यांची अभ्यंगस्नाने होणे हा वेळापत्रकाचाच विजय असे. दाराशी कारीट फोडले जाई. पहिला फटाका कोणी लावला यावर मुलांची चढाओढ.

आकाशकंदील मुळात धार्मिक आकाशदिव्याचा वारस. कार्तिकात उंच काठीवर दिवा टांगण्याची चाल जुनी आहे. चाळीत त्याचा घाट बदलला. बांबूच्या कामट्या, पतंगी कागद, गव्हाच्या पिठाची खळ, आत पणती. नंतर मुंबईत वीज आली आणि जिथे ती खोल्यांत पोहोचली तिथे पणतीच्या जागी बल्ब आला. गिरगाव-दादरच्या अनेक चाळींत सगळ्या गॅलऱ्यांना एकाच आकाराचे, एकाच रंगाचे कंदील लावायचा प्रघात पडला, आणि मुले महिनाभर आधी गच्चीवर कामट्या तासत बसत. माहीमच्या एका गल्लीला तर या धंद्यावरून कंदील गल्ली हेच नाव पडले. किल्ले बांधण्याची आवड घाटावरच्या मुलांनी आणली. लाल माती, दगड, गोणपाट, वर पेरलेले हळीव, कुंभाराकडचे मावळे. अंगण सिमेंटचे झाल्यावर माती कुठून आणायची हाच मोठा प्रश्न झाला.

दुपारचा फराळ आटोपला की दिवाळी अंक निघत. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि ही प्रथा रुजली. अंक विकत घेणे थोड्यांनाच परवडे. बाकीच्यांसाठी वाचनालये होती. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून काम करत होते, शिवाय गल्लोगल्ली छोटी वाचनालये. एक अंक मजलाभर फिरून परत येईपर्यंत त्याचे मुखपृष्ठ गळालेले असे. वाचता न येणाऱ्यांना गॅलरीत बसून कोणी मोठ्याने वाचून दाखवी, ही त्या वाचनाची खरी खोली होती.

भाऊबीजेनंतर पाहुण्यांची ये-जा ओसरे. डालड्याच्या डब्यात लावलेल्या तुळशीला ऊस, चिंच, आवळे बांधून कार्तिकी द्वादशीपासून लग्ने लागत. अख्ख्या मजल्याचे एकच लग्न लावण्याचीही पद्धत होती. मंगलाष्टके येणारा एखादा शेजारी भटजी होई. कुरमुरे-बत्तासे वाटले की हंगाम संपला.

हे जीवन तीन पिढ्या टिकले त्याचे एक कारण १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा. भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठली, म्हणून कुटुंबे हलली नाहीत आणि शेजार पिढीजात झाला. त्याच कायद्यामुळे मालकांना दुरुस्तीत रस उरला नाही. जिने कुजले, गॅलऱ्यांना टेकू लागले, काही चाळी पावसाळ्यात कोसळल्या. कायद्याने शेजार वाचवला आणि घरे मोडकळीला आणली, या दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत.

शेवटचा घाव पुन्हा बोनसनेच घातला. १९८१ च्या दिवाळीत बोनसच्या रकमेवरून असंतोष उसळला, कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे गेले आणि १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो कधीच रीतसर मागे घेतला गेला नाही. त्या वर्षीच्या दिवाळीत गिरणगावात अनेक घरांतली भांडी विकली गेली होती. पुढे गिरण्या बंद पडल्या, जमिनींवर मॉल आणि मनोरे आले, खोल्या विकून माणसे डोंबिवली, कल्याण, विरार, बदलापूरला गेली. त्यांनी सवयीही नेल्या. डोंबिवलीच्या फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे तरुणांची जी गर्दी होते, तिच्यात चाळीतल्या गॅलरीचा धागा सहज ओळखू येतो.

बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन २०१७ मध्ये झाले आणि २०२५ मध्ये वरळीत पहिल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. स्वतःचा नळ, स्वतःचा संडास आणि बंद होणारे दार या कुटुंबांना शंभर वर्षांनी मिळाले.