घड्याळाच्या काट्यांवर चढणारा माणूस



‘उजवा हात, दोन वाजता, जवळ, मोठी पकड.’ आपल्या कानावर असं वाक्य पडलं तर काही उलगडा होणार नाही. पण डोळ्यांवर पट्टी बांधून उंच भिंतीवर लटकलेल्या माणसाला एवढ्यावरून पुढची वाट कळते. ही भाषा जपानमध्ये ज्यांनी रुजवली, त्या कोइचिरो कोबायाशी यांची आज ओळख करून घेऊ.

कोबायाशींचा जन्म १९६८ चा. लहानपणी खेळात ते यथातथाच होते. सोळाव्या वर्षी त्यांना प्रस्तरारोहणाची गोडी लागली आणि ती सुटली नाही. मग अठ्ठाविसाव्या वर्षी डॉक्टरांनी निदान केलं: रेटिनायटिस पिगमेंटोसा. डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी करणारा हा आनुवंशिक आजार. उपचार नाही, दृष्टी जाणार हे नक्की.

पुढे काय काय करता येणार नाही, याची यादी मनात घेऊन ते माणसं गाठत राहिले. त्यांना एका समुपदेशकाने उलटाच प्रश्न केला: तुम्हाला करायचं काय आहे? उत्तर तयारच होतं. चढायचं होतं.

२००१ मध्ये अमेरिकेचे एरिक वाईहेनमायर एव्हरेस्टवर पोचले. हा मान मिळवणारे ते पहिले दृष्टिहीन गिर्यारोहक. कोबायाशी त्यांना जाऊन भेटले. २००५ मध्ये त्यांनी जपानमध्ये ‘मंकी मॅजिक’ ही संस्था काढली. तिथे डोळस आणि दृष्टिहीन माणसं एकाच भिंतीवर, एकमेकांच्या जोडीने चढतात.

तिथली शिकवण तीन शब्दांत मावते: दिशा, अंतर, आकार. दिशा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सांगायची. बारा म्हणजे सरळ वर, तीन म्हणजे उजवीकडे. मग पकड जवळ की लांब, आणि शेवटी तिचा आकार. आपल्याला ‘अरे तिकडे, त्या बाजूला, जरासं वर’ असं बोलायची सवय असते. ज्याला दिसत नाही त्याला ‘तिकडे’ म्हणजे कुठे?

२००६ मध्ये रशियातल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत कोबायाशी दृष्टिहीन गटात पहिले आले. २०११ मध्ये इटलीतल्या आर्को गावी पॅराक्लाइंबिंगची अधिकृत जागतिक स्पर्धा सुरू झाली. त्यानंतर २०१४, २०१६, २०१८ आणि २०१९ अशी सलग चार जागतिक विजेतेपदं त्यांनी मिळवली.

या स्पर्धेत दृष्टीनुसार तीन गट असतात. पूर्ण अंध किंवा जवळजवळ अंध खेळाडूंचा गट बी१. थोडंफार दिसणाऱ्याला वरचढ ठरता येऊ नये म्हणून या गटात सगळ्यांचे डोळे झाकतात. दोर वरून बांधलेला असतो, त्यामुळे पडलं तरी जीव सुरक्षित. खाली उभा असतो मार्गदर्शक. त्याने फक्त बोलायचं. कोबायाशींचे मार्गदर्शक नाओया सुझुकी. दोघांनी मिळून अमेरिकेतल्या युटामधला लाल वालुकाश्माचा सुळकाही सर केला. त्या चढाईवरचा माहितीपट २०२३ मध्ये प्रदर्शित झाला.

चढतात कोबायाशीच. हात त्यांचे, दमछाक त्यांची. सुझुकी त्यांना वर ओढत नाहीत, फक्त नेमके शब्द पुरवतात. मदत करायची म्हणजे काम आपल्या हातात घ्यायचं, असं आपण घरीदारी सहज धरून चालतो. ही जोडी मदतीचा वेगळा अर्थ दाखवते.

२०२८ च्या लॉस एंजेलिस पॅरालिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदाच खेळला जाईल. मुलांना घेऊन जरूर बघा. आणि बघताना मधेच डोळे मिटून खालून येणारा आवाजही ऐका.